भिंतीवरची पाल आणि रेणूंची ओढ

वसतिगृहाच्या भिंतीवर पाल पाहिली नाही, असा माजी विद्यार्थी विरळाच. तिच्या बोटांखाली असंख्य सूक्ष्म केस असतात. त्यांची टोके भिंतीच्या इतकी निकट जातात की, दोहोंच्या रेणूंमधील दुर्बळ आकर्षण एकवटून तिचा भार पेलते. हे २००२ साली पालीच्या कुळातील एका प्राण्यावरील प्रयोगांतून स्पष्ट झाले.

या आकर्षणास ज्यांचे नाव मिळाले, ते योहानेस व्हॅन डर वाल्स हॉलंडमधील लायडन येथील एका सुताराचे पुत्र आणि प्राथमिक शाळेतील शिक्षक होते. लॅटिन व ग्रीक शिकलेले नसल्याने विद्यापीठीय परीक्षांचे दार त्यांना बंद होते. भाषेच्या अटीने दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पुढे अट शिथिल झाली. वायूच्या रेणूंनाही आकारमान असते व ते परस्परांना ओढतात, हे गृहीत धरून त्यांनी १८७३ साली प्रबंध सिद्ध केला. १९१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही ओढ येते कोठून? रेणूतील इलेक्ट्रॉन सतत हालत असतात. क्षणभर ते एका बाजूस झुकले की शेजारच्या रेणूतील इलेक्ट्रॉनही त्यानुसार सरकतात आणि दोघांत आकर्षण निर्माण होते. १९३० साली फ्रिट्झ लंडन यांनी याचे गणित मांडले. अंतर दुप्पट झाले की या आकर्षणाची ऊर्जा चौसष्टांश उरते.

परंतु हा हिशेब मोकळ्या जागेतील दोन रेणूंचा. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. अशा काही नॅनोमीटरच्या फटीत द्रव कोंडला तर काय होते? १९८१ साली ऑस्ट्रेलियात हॉर्न व इझ्राएलाश्विली यांनी अभ्रकाच्या दोन गुळगुळीत पृष्ठांमधील बल मोजले. पृष्ठे जवळ आणताना ते बल सलग वाढले नाही. आळीपाळीने ओढ आणि रेटा जाणवला. द्रवाचे रेणू फटीत थरांनी रचले जातात. पूर्ण थर मावले तर एक स्थिती, न मावले तर दुसरी.

पाण्याचेही तसेच. मोकळे पाणी दोन विद्युत्भारांमधील बल सुमारे ऐंशी पटीने क्षीण करते, कारण त्याचे रेणू हवे तसे वळू शकतात. २०१८ साली मँचेस्टर येथे सुमारे एक नॅनोमीटर जाडीच्या कोंडलेल्या थराचे मापन झाले. थराला लंब दिशेने तो गुणांक ऐंशीवरून सुमारे दोनवर आला होता. भिंतीलगतच्या रेणूंना वळण्याची मोकळीक उरली नव्हती.

पाणी तेच, रेणू तेच. बदलली ती केवळ जागा. म्हणून विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सांगू इच्छितो : कोणाचेही सामर्थ्य मोजताना त्यास वळावयास किती जागा मिळाली, हे प्रथम पाहावे.