चामड्यावर नाव उमटवणारी मुलं

‘मार्क चांगले आहेत, तरी चामड्याचं काम शिकायचं म्हणते,’ हे सांगताना पालकांचा आवाज खाली जातो. का जातो, ते धारवाडात कुणाला समजावून सांगायला नको. पण बसवण्णांच्या बरोबरीने जिथे चर्मकार शरण हरळय्यांचं नाव आदराने घेतलं जातं, त्या भागात तरी या कामाला हलकं समजू नये, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आरी-रापी चालली, त्या मुलांनी ते मुळीच लपवू नये. बाकीचे जे फी भरून शिकतात, ते त्यांना घरीच मिळालेलं आहे.

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. बेळगाव, बागलकोट, विजापूर यांच्यासोबत धारवाडही त्यात आहे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि मूळ कारागिरांचं नाव नाही म्हणून केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेलच.

आता चामड्यावर नाव उमटवण्याच्या कामाकडे वळू. सगळं चामडं ठसा धरत नाही. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं चामडं धरतं. ते स्पंजने ओलं करायचं आणि रंग जवळजवळ पूर्ववत होईपर्यंत थांबायचं. गालाला लावल्यावर गार लागलं पाहिजे, ओलं नव्हे. मग ठसा सरळ धरून लाकडी मोगरीचा एकच नेमका घाव. फार ओलं असेल तर कडा फुगतात, कोरडं असेल तर अक्षर उथळ राहतं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं दबलं तरी पुन्हा वर येतं. त्यावर तापवलेला पितळी ब्लॉक आणि सोनेरी फॉइल वापरतात. लेझर दाबत नाही, जाळतो. त्याचा धूर, विशेषतः क्रोमच्या चामड्याचा, छातीत जाऊ देऊ नये.

आपल्या मुलांना खरी संधी लिपीत आहे. रोमन अक्षरांचे ठसे सुटे मिळतात, एकामागून एक मारले की नाव तयार. देवनागरीत तसं केलं तर शिरोरेषा तुटते, वेलांटी शेजाऱ्यावर चढते. कन्नडचं ओत्तक्षर तर ओळीच्या खाली उतरतं. म्हणून पूर्ण नाव संगणकावर रेखाटून, आरशातल्यासारखं उलटं करून, पितळेत किंवा मॅग्नेशियमच्या पत्र्यावर कोरून घेतात आणि प्रेसखाली दाबतात. ‘क्ष’ची गाठ बारीक ठेवली तर दाबताना बुजते, ती आधीच मोकळी काढावी लागते. घरात मराठी आणि शाळेत कन्नड असलेल्या मुलाच्या हाताला ही नजर लवकर येते.

शिक्षणासाठी बारावीनंतर एफडीडीआय या पादत्राण-डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेची प्रवेश परीक्षा आहे, विज्ञानवाल्यांना चेन्नईत लेदर टेक्नॉलॉजीची पदवी आहे. पालकांना एक स्पष्ट सांगते: नुसत्या नावं उमटवण्यावर घर चालणं कठीण. कापणं, शिवणं, कडा घासणं आणि आपल्या कामाची किंमत सांगणं, हे सगळं यायला हवं.

फॉर्म भरण्याआधी या सुट्टीत जवळच्या चप्पल कारागिराकडून पैसे देऊन कातरणं आणा. एकच अक्षर वीस वेळा उमटवा, प्रत्येकाच्या मागे किती वेळ सुकवलं ते लिहा. ते वीस तुकडे घेऊन माझ्याकडे या, आईवडिलांनाही सोबत आणा.