'शिक्षा', 'खाली' आणि ओपनबॉक्सचा मेन्यू

संगणक क्लबच्या खोलीत खिडकीजवळ चार जुने संगणक आहेत, ते तुम्ही पाहिलेच असतील. एक जीबी रॅम, अक्षरे पुसलेले की-बोर्ड आणि लखनौच्या मे महिन्यात पिठाच्या गिरणीसारखा आवाज करणारे पंखे. गेल्या वर्षी हे चारही कंडेम होणार होते. क्लबच्या सरांनी आम्हा तिघांना बोलावून सांगितले, "दोन आठवडे देतो. सहावीच्या मुलांना वापरता येतील असे करून दाखवा. नाही जमले तर बोर्ड बसेल तेव्हा हे यादीत जातील."

आम्ही ते जमवले. त्यात मेन्यू तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. ते करताना मी एक चूक केली, तिची हकिकत पुढे येईलच. आधी विषय समजून घेऊ.

आपण संगणकावर जे पाहतो त्यात प्रत्येक प्रोग्रॅमची एक खिडकी असते. तिची चौकट काढणे, ती सरकवणे, लहान-मोठी करणे, बंद करणे हे काम लिनक्समध्ये एक वेगळा प्रोग्रॅम करतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. मोठ्या डेस्कटॉपमध्ये त्याच्या सोबतीला पट्टी, घड्याळ, चिन्हे, सावल्या अशी पुष्कळ मंडळी असतात आणि ती सगळी रॅम खातात. हलक्या विंडो मॅनेजरमध्ये ही मंडळी नसतात. आम्ही निवडलेला ओपनबॉक्स त्यातलाच. डेना जान्सेन्स यांनी तो सुरू केला. सुरुवातीला तो ब्लॅकबॉक्स नावाच्या जुन्या विंडो मॅनेजरच्या कोडवर उभा होता, पण तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी सगळा नव्याने लिहिला गेला. एलएक्सडीई या डेस्कटॉपमध्ये खिडक्या सांभाळायला हाच असतो. लिनक्स म्हणजे काही हौशी लोकांचाच खेळ नव्हे. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली लिनक्सवरच आहे, आणि 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या ज्या 'माया' प्रणालीची बातमी आली तीही उबुंटू लिनक्सवर आधारलेली आहे.

ओपनबॉक्स सुरू केला की पडद्यावर काहीच दिसत नाही. नुसता करडा पडदा. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकाला वाटले की मॉनिटर बिघडला. पडद्यावर रिकाम्या जागी माउसचे उजवे बटण दाबले की मेन्यू उघडतो, आणि वापरणाऱ्याला जे काही करायचे ते तिथून. मधले बटण दाबले तर उघड्या खिडक्यांची यादी मिळते. म्हणजे या संगणकावर मेन्यू हाच दरवाजा. जे मेन्यूत नाही, ते नवख्या मुलासाठी त्या संगणकातच नाही.

हा मेन्यू एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. तिचे नाव 'मेन्यू डॉट एक्सएमएल'. मूळ फाइल 'ईटीसी' फोल्डरच्या आत 'एक्सडीजी' आणि त्याच्या आत 'ओपनबॉक्स' अशा ठिकाणी असते. तिला हात लावायचा नाही. तिची प्रत आपल्या होम फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फिग'च्या आतल्या 'ओपनबॉक्स' फोल्डरमध्ये ठेवायची आणि बदल त्या प्रतीत करायचे. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेले फोल्डर लपलेले असतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच एकदम दाबले की दिसू लागतात. प्रत्येक लॉगिनचे होम फोल्डर वेगळे, त्यामुळे प्रत्येक लॉगिनचा मेन्यूही वेगळा ठेवता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

फाइलच्या आत तीन गोष्टी ओळखता आल्या की पुरे. एक 'मेन्यू', म्हणजे यादी. दुसरी 'आयटम', म्हणजे यादीतली एक ओळ. तिसरी 'अॅक्शन', म्हणजे त्या ओळीवर क्लिक केल्यावर काय घडायचे ते. बहुतेक वेळा अॅक्शन 'एक्झिक्यूट' असते आणि तिच्यात कोणता प्रोग्रॅम चालवायचा तो आदेश लिहितात. मेन्यूच्या आत मेन्यू ठेवता येतो, मध्ये आडवी रेघ टाकता येते. आयटमला जे 'लेबल' देतो ते पडद्यावर दिसते, आणि ते देवनागरीत लिहिले तरी चालते. फक्त फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करायची. नेमक्या ओळी इथे छापत नाही, लॅबच्या फळ्याशेजारी लावून ठेवल्या आहेत.

उघडलेला प्रत्येक टॅग बंद करावा लागतो, आणि तोही उलट क्रमाने. आपण आधी मोजे घालतो, मग बूट. काढताना आधी बूट, मग मोजे. एवढे पाळले नाही तर फाइल वाचलीच जात नाही. मी मात्र अडकलो ते वेगळ्याच ठिकाणी. एका लेबलमध्ये 'आणि' लिहिण्याऐवजी इंग्रजी 'अँड'चे ते वेटोळे चिन्ह टाकले. एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला खास अर्थ आहे, त्यामुळे ते नुसते लिहिता येत नाही. परिणाम असा की उजवी क्लिक केली तर माझा सगळा मेन्यू गायब. अर्धा तास मी टॅग मोजत बसलो होतो. शेवटी चिन्ह काढून 'व' लिहिले आणि मेन्यू परत आला. बदल केल्यावर संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. मेन्यूतच 'रीकॉन्फिगर' असते, त्यावर क्लिक केले की नवी फाइल वाचली जाते.

अक्षरांचा आकार 'आरसी डॉट एक्सएमएल' या दुसऱ्या फाइलमध्ये ठरतो. इंग्रजीला 9 आकार पुरतो, देवनागरीला नाही. वेलांट्या, रफार, अनुस्वार हे सगळे शिरोरेघेच्या वर बसते आणि बारीक आकारात त्याचा काळा ठिपका होतो. मी मेन्यूचा आकार 12 केला. फॉन्ट लोहित देवनागरी.

आता ती चूक. आपल्या शाळेत बहुतेक मुले हिंदी बोलणारी, म्हणून मी मेन्यू हिंदीत केला होता. हिंदीत तो चोख होता, आमच्या हिंदीच्या सरांनी तपासला होता. वर 'लेखन', त्याखाली 'चित्र', मग 'शिक्षा' नावाचा उपमेन्यू आणि त्यात गणिताचे, नकाशाचे, टायपिंगचे प्रोग्रॅम. सगळ्यात शेवटी 'कचरा खाली करें' अशी ओळ, जिच्यामुळे कचरापेटी रिकामी होते. डिस्क लहान असल्यामुळे ती ओळ मला फार महत्त्वाची वाटली होती.

सहावीत सातारा जिल्ह्यातला एक मुलगा नवा आला होता. हिंदी कामापुरती समजायची. तो रविवारी लॅबमध्ये येऊन फक्त लेखनाचा प्रोग्रॅम उघडायचा. दोन आठवड्यांनी मी त्याला विचारले, "टायपिंगचा खेळ का नाही खेळत? वेग वाढेल की."

तो म्हणाला, "दादा, तो कुठंय?"

मी 'शिक्षा'वर बोट ठेवले. तो एक पाऊल मागे सरकला. त्याला वाटले होते की उशिरा आलेल्यांची, नियम मोडणाऱ्यांची नावे त्यात असतात. आपण उघडले तर आपलेही नाव चढेल. मी हसलो, आणि लगेच हसलो याचे वाईट वाटले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठी घरातल्या मुलाला, तेही मिलिटरी शाळेत नुकत्याच आलेल्या, शिक्षा म्हणजे काय वाटणार? मी स्वतः मराठी असून मला हे सुचले नाही. चार वर्षे इथे राहून माझ्या डोक्यात हिंदीचा शब्द हिंदी अर्थानेच वाजायला लागला आहे. मी शब्द तसाच ठेवला. म्हटले, आता याला कळले ना, झाले.

पुढच्या रविवारी तो माझ्या हाऊसमध्ये आला, तेव्हा डोळे लाल होते. त्याच्या आजीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तो तिच्यासाठी मोठ्या टायपात छापायला पत्र लिहीत होता. तीन रविवार खपून, इनस्क्रिप्टमध्ये एकेक अक्षर शोधत. त्या दिवशी चुकून फाइल डिलीट झाली. ती कचरापेटीत गेली हे त्याला कळले होते. मग त्याने मेन्यू उघडला आणि 'कचरा खाली करें' वाचले. मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. त्याला वाटले, कचऱ्यात गेलेले यामुळे खाली पडद्यावर येईल. हिंदीत खाली म्हणजे रिकामे.

मी कचरापेटी उघडून पाहिली. रिकामी होती. परत आणायचा मार्ग मला तरी सापडला नाही.

त्या संध्याकाळी प्रेपच्या आधी आम्ही दोघे लॅबमध्ये बसलो. तो आठवून सांगत होता, मी टाइप करत होतो. 'दऱ्या' हा शब्द आला तेव्हा मी 'दर्या' लिहिले. तो म्हणाला, "दादा, हा समुद्र झाला. आमच्याकडं दऱ्या आहेत." इनस्क्रिप्टमध्ये साधा 'र' जिथे आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की 'ऱ' येतो, मग हलन्त, मग 'य'. हे मला त्याने शिकवले. पत्र जवळजवळ पूर्ण झाले. दोन ओळी त्याला आठवल्या नाहीत, त्या तशाच राहिल्या.

मग मी मेन्यू पुन्हा लिहायला घेतला. या वेळी प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत म्हणून पाहिला. 'शिक्षा'च्या जागी 'अभ्यास' ठेवला. हिंदीत त्याचा अर्थ सराव आणि मराठीत अध्ययन. दोघांनाही योग्य ठिकाणी नेतो आणि कुणालाही घाबरवत नाही. 'लेखन', 'चित्र', 'गणित' तसेच राहिले. कचऱ्याची ओळ मी वरच्या यादीतून काढून 'व्यवस्था' नावाच्या उपमेन्यूत नेली आणि लिहिले 'कचरा हमेशा के लिए मिटाएँ'. लांबलचक आहे, सुंदर नाही, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

आणखी एक सोय मला तेव्हाच सापडली, ती आधी वाचली असती तर बरे झाले असते. 'एक्झिक्यूट' अॅक्शनच्या आत 'प्रॉम्प्ट' नावाचा टॅग टाकता येतो. त्यात जे वाक्य लिहू ते आधी पडद्यावर येते, खाली हो आणि नाही अशी दोन बटणे असतात, आणि हो म्हटल्यावरच आदेश चालतो. कचऱ्यासाठी आता आधी प्रश्न येतो: यातील फाइली परत मिळणार नाहीत, मिटवायच्या का? लॉगआउटसाठीच्या 'एक्झिट' अॅक्शनलाही असा प्रश्न लावता येतो. पण मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमपुढे कृपया असा प्रश्न लावू नका. दर वेळी विचारले की मुले न वाचता हो दाबायला शिकतात, मग जिथे थांबायला हवे तिथेही तेच करतात.

क्लबमध्ये पाइप मेन्यूचे फार कौतुक आहे, त्याबद्दल थोडक्यात. मेन्यूतल्या एखाद्या ओळीला तयार यादी न देता एक छोटी स्क्रिप्ट देता येते. मेन्यू उघडताना ती स्क्रिप्ट चालते आणि जे छापते तेच यादी म्हणून दिसते. माझ्या मित्राने त्यातून आजचा वार आणि आजचे तास दाखवले. छान आहे. मात्र स्क्रिप्ट संपेपर्यंत ओपनबॉक्स थांबून राहतो, म्हणून ती झटपट संपणारी हवी. त्याने एकदा त्यात इंटरनेटवरून हवामान आणले होते, तेव्हा नेट मंद झाले की पडदाच गोठायचा. ते काढून टाकले.

शेवटी, मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. प्रत्येक लॉगिनचा मेन्यू वेगळा असतो, म्हणून मी 'मराठी' नावाचे एक नवे लॉगिन केले आणि त्यात सगळी लेबले मराठीत लिहिली. 'कचरा कायमचा पुसा' वगैरे. पालकांपैकी कुणी घरच्या जुन्या लॅपटॉपवर असे करू पाहत असेल तर एवढेच सांगतो, फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. आणि लेबले लिहून झाली की ती वापरणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक ओळीवर काय होईल ते त्यालाच विचारा, आपण आधी सांगू नका.

मी हे त्या साताऱ्याच्या मुलाबरोबर केले. सतरा ओळी होत्या. तीन ठिकाणी तो अडखळला, त्या मी बदलल्या. मग त्याने विचारले, "यात माझी एक ओळ टाकता येईल?" मराठी लॉगिनमध्ये आता सगळ्यात वर 'आजीला पत्र' अशी ओळ आहे. तिच्यावर क्लिक केले की 20 आकाराच्या अक्षरांचा कोरा कागद उघडतो. मागच्या आठवड्यात गोरखपूरच्या दोन मुलांनी हिंदी मेन्यूतही तशी ओळ मागितली. ती घालून झाली आहे, तिचे नाव 'दादी को चिट्ठी'.