सर्पदंश : लक्षणे आणि उपचार

मृगाचा पाऊस पडला की शेतीची कामे वाढतात आणि त्याचबरोबर सर्पदंशाच्या घटनाही वाढतात. सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. मृतांत ग्रामीण भागातील लोकांचा भरणा मोठा आहे.

महाराष्ट्रात प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप प्राणघातक ठरतात. फणा काढणारा नाग सर्वांच्या परिचयाचा आहे. घोणस जाडसर असून तिच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. कोकणात फुरशाचा उपद्रव विशेष. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या दंशाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

मण्यारीविषयी मात्र थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे. निळसर काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. वेदना, सूज जवळजवळ नसते; कित्येकदा दंशाची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. घरची मंडळी अपचन समजून ओवा देत बसतात! पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या व्यक्तीत ही लक्षणे दिसल्यास मण्यारीचा संशय घ्यावाच. खाटेवर, कडा नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे हा यावरील साधा व स्वस्त उपाय आहे.

दंश झालेल्या व्यक्तीस धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, कडे, जोडवी काढावीत. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो अवयव स्थिर ठेवावा व १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे, विष चोखणे हे सर्व अपायकारक आहे. मांत्रिकाला यश येते ते बहुतेक साप बिनविषारी असल्यामुळे, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष टोचतोच असे नाही म्हणून.

विषावर खरा उतारा एकच, प्रतिसर्पविष लस. ती घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते व वरील चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही. मुलांनाही मात्रा प्रौढांइतकीच लागते. रक्तदोष ओळखण्यासाठी स्वच्छ, कोरड्या काचनळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर लस सुरू करतात. लसीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रिनलिन हाताशी हवे. मण्यारीच्या दंशात लसीबरोबरच कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय नसेल तर रोगी हातचा जातो.

पंचायत सदस्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या किती कुप्या आहेत आणि रात्री वैद्यकीय अधिकारी उपलब्ध असतो किंवा नाही, याची चौकशी मे महिन्यातच करावी.