सामन्याचें सार आणि सामना



सारांशलेखनाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, उताऱ्यांतील कोणतीं वाक्यें गाळावींत, हें ओळखावें कसें?" प्रश्न लहान दिसला, तरी उत्तर सोपें नाहीं. तें आज फळ्यावर न लिहितां फुटबॉलच्या मैदानावरून शोधूं.

दूरचित्रवाणीवर एखादा सामना होऊन गेला म्हणजे त्याची आखूड केलेली आवृत्ति पुन्हा दाखवितात. हा प्रघात जुना आहे. इंग्लंडांत बीबीसीनें 'मॅच ऑफ द डे' हा कार्यक्रम २२ ऑगस्ट १९६४ रोजीं सुरू केला. पहिल्याच दिवशीं लिव्हरपूलनें आर्सेनलवर ३-२ असा मिळविलेला विजय संक्षेपानें दाखविण्यांत आला. पुढें अमेरिकेंतही तेथील व्यावसायिक फुटबॉलचे सामने सुमारें दीड तासांत बसवून 'एनएफएल रिप्ले' या नांवानें पुन्हा दाखविले गेले. दोन्ही खेळांचें नांव एकच. परंतु खेळ भिन्न, आणि म्हणूनच त्यांच्या संक्षेपाची रीतिही भिन्न.

अमेरिकन खेळ तुकड्यातुकड्यांनीं चालतो. घड्याळाप्रमाणें तो ६० मिनिटांचा. प्रत्यक्षांत सामन्यास तीन तास लागतात. त्यांत चेंडू खरोखर खेळांत असतो तो अवघीं ११ मिनिटें, असें २०१० सालीं 'वॉल स्ट्रीट जर्नल'नें मोजून दाखविलें. उरलेला वेळ मसलतींत, विश्रांतींत आणि जाहिरातींत जातो. असा सामना सुपांत घालून पाखडला, तर फोलपट उडतें व दाणा राहतो. आपल्या क्रिकेटचें आणि ३० सेकंदांच्या चढायांनीं बांधलेल्या कबड्डीचेंही बरेंचसें असेंच आहे.

आपण शाळेंत खेळतों तो फुटबॉल मात्र वाहता आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या प्रत्येक अर्धांत तो फारसा थांबत नाहीं. ऐंशीव्या मिनिटाला झालेल्या गोलाचें कारण पुष्कळदां पहिल्या तासाच्या दमछाकींत असतें. येथें पाखडणें पुरत नाहीं, निवडावें लागतें. आणि निवड आली कीं निवडणाऱ्याचें मत आलेंच.

आपल्या पुण्याचें उदाहरण घेऊं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बालेवाडीस उभारलेलें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल आपणां कोथरूडकरांस परकें नाहीं. इंडियन सुपर लीगमध्यें २०१४ पासून २०१९ पर्यंत खेळलेल्या एफसी पुणे सिटी या संघाचें तें घरचें मैदान होतें. मार्च २०१८ मध्यें हा संघ उपांत्य फेरींत पोंचला. ७ मार्चला बालेवाडीस बेंगळुरूविरुद्ध ०-० अशी बरोबरी झाली. ११ मार्चला बेंगळुरूस पुण्याचा ३-१ असा पराभव झाला, आणि ते तीनही गोल एकट्या सुनील छेत्रीचे होते. दुसऱ्या सामन्याचा संक्षेप करणें सोपें. चार गोल जोडले कीं काम झालें. पण पहिल्याचें काय? त्या दिवशीं बचाव करणाऱ्यांनीं आपलें काम चोख केलें म्हणूनच दाखविण्याजोगा गोल झाला नाहीं. जें टळलें, तें चित्रांत कसें यावें?

ही चूक मींही केली आहे. आमच्या मुलांच्या एका सामन्याचें तीन मिनिटांचें चित्रण पाहून मीं पुढच्या सामन्यासाठीं संघ निवडला. गोल करणारे सर्व घेतले. बचावफळींतील एका मुलास वगळलें, कारण चित्रणांत तो कोठें दिसलाच नव्हता. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढच्या सामन्यांत आम्हांवर चार गोल झाले, तेव्हां तो पूर्वी काय करीत होता, हें मला कळलें.

म्हणून संक्षेप नसावाच, असें मात्र नव्हे. १८ जून १९८३ रोजीं टनब्रिज वेल्स येथें भारताचे पांच गडी १७ धावांत बाद झाले असतां कपिल देव यानें नाबाद १७५ धावा काढल्या. त्या सामन्याचें दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण झालें नाहीं. आज त्या खेळाचीं दोन मिनिटें पाहावयास मिळालीं, तरी आपण धन्य मानूं.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर. जें गाळल्यानें अर्थ बदलत नाहीं, तेंच गाळावें. फळ ठेवलें, तर त्याचें कारणही ठेवावें. आणि सारांश वाचून कोणाविषयीं निकाल देण्यापूर्वीं मूळ उतारा एकदां तरी समग्र वाचावा. कारण ज्याचें नांव सारांशांत नाहीं, त्याचें काम उताऱ्यांत असूं शकतें.