विठाबाईंची नाळ आणि सासऱ्यांचा दाखला

प्रश्न : मी येडगावची. नारायणगावला एका पतसंस्थेत नोकरी करते. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झाले, बाळ सासूबाईंकडे असतं. संध्याकाळी दमून आले आणि तोंडातून जरा "आई गं" निघालं की सासरे सुरू होतात, "अगं, आपल्या विठाबाईनं तमाशा चालू असताना पडद्यामागं बाळंत होऊन दगडानं नाळ ठेचली आन् परत बोर्डावर आली. तुम्हाला पंख्याखाली बसून दम लागतो!" ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. ती खरी आहे का? आणि असेल तर पुढं काय झालं, त्या पोराला कुणी सांभाळलं, हे कुणीच का सांगत नाही? फडातल्या बायकांना रजा असते का हो?
— एक वाचक, येडगाव (ता. जुन्नर)

उत्तर : ताई, सासरे खोटं बोलत नाहीत, पण गोष्ट अर्धीच सांगतात.

दिवस भरलेले असताना तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, मूल झालं, हाताशी काही नव्हतं म्हणून नाळ दगडानं ठेचली आणि पुन्हा पदर खोचला, इथवर सगळे सांगतात. स्वतः विठाबाईंनी आणि त्यांच्या घरच्यांनीही हा प्रसंग सांगितलेला आहे. त्याचा उरलेला भाग असा : बाई बाहेर आल्या तेव्हा समोरच्या मंडळींना पोट दिसेना. त्यांनी विचारलं, आत काय घडलं ते कळलं, आणि ज्यांनी रात्रभराच्या तमाशासाठी पैसे मोजले होते त्याच माणसांनी बाईला विश्रांती घ्यायला सांगून हात जोडले, खेळ थांबवला. म्हणजे तिला रजा दिली ती प्रेक्षकांनी. आता सासऱ्यांनी दाखला काढला की तुम्ही फक्त "मग लोक काय म्हणाले, मामा?" एवढंच विचारा.

माझी या गोष्टीबद्दलची तक्रार वेगळी आहे. आपण त्या दगडाचं कौतुक करतो, पण तंबूत सुईण का नव्हती हे विचारत नाही. नवव्या महिन्यात बाईला नाचावं का लागलं, हे तर त्याहून नाही. घराण्याचा फड आणि गर्दी खेचणारी मुख्य बाई तीच. ती नाचली नाही तर ढोलकीवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या चुली थंड. घरातली कमावती, फडाची मालकीण आणि लेकुरवाळी, या तिन्ही भूमिका एकाच अंगावर होत्या.

विठाबाईंचा जन्म 1935 साली पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून घरात तमाशा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हा फड नावाजलेला. आडनाव खुडे, पण फडाच्या फलकावर आडनाव नाही. तिथं वडिलांचं नाव, मग जात, मग गाव. पुढं बाईंचा स्वतःचा फड झाला तेव्हा फलकावर पहिलं नाव विठाबाईंचं आलं, मागची रांग तशीच राहिली. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपती पदक मिळालं ते याच नावाच्या बाईला. आपली ओळख लपवून मोठं होण्याची सोय तिला नव्हती, आणि तिनं ती शोधल्याचंही दिसत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीचं नाव तिनं बोर्डावर मिरवलं. खेळ व्हायचा त्याच गावांत मात्र रात्री शिट्ट्या मारणारे हात सकाळी तिला पाणी वरूनच वाढायचे, हेही तितकंच खरं.

आता पोरांचं. फडातल्या मुलांपुढं साधारण दोन वाटा असतात, एक गावाकडं आजीजवळ आणि दुसरी आईबरोबर ट्रकमध्ये. दुसरी वाट पाहायची असेल तर जत्रेत तमाशा बघताना कधी पडद्यामागं डोकावा. साडीची झोळी ट्रकच्या हौद्याला बांधलेली असते. बाजूला पेटीतून ओसंडलेली सोंगं, चाळ, पावडरचा डबा. गण झाला, गवळण सुरू झाली, की जिची पाळी नाही ती बाई पायानं झोळीला झोका देत वेणी घालत असते. दोन गाण्यांच्या मधे अंगावर पाजायचं. वग पहाटेपर्यंत चालतो आणि सकाळी परत हजेरी. पोर ढोलकीच्या आवाजात झोपायला शिकतं. कित्येकदा ढोलकी थांबली की तेच दचकून उठतं.

अशीच पोरं पुढं फडात उभी राहिली. विठाबाईंच्या थोरल्या कन्या मंगला बनसोडे लहानपणीच बोर्डावर आल्या, लग्नानंतर कराडजवळच्या करवडीला स्वतःचा फड काढला आणि आपल्या मुलाला, नितीनकुमारला, जोडीला घेऊन तो चालवला. राज्य सरकारनं विठाबाईंच्या नावानं तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो पुढं मंगलाताईंनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीला! तिकडं संगमनेरला कांताबाई सातारकरांची कथा अशीच. पती तुकाराम खेडकर 1964 साली गेले, पोरं लहान. बाईंनी पुन्हा चाळ बांधले, स्वतःचा फड उभा केला, आणि पुढं मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह तो महाराष्ट्रभर गाजवला. 2021 साली करोनानं त्या गेल्या, तेव्हा तमाशाचा सलग दुसरा हंगाम बुडालेला होता.

पण मुलं सांभाळली गेली, सगळं गोड झालं, असं लिहिलं तर मीही सासऱ्यांच्या पंगतीत बसेन. लेकरांची बाजू वाचायची असेल तर किशोर शांताबाई काळे यांचं 1994 साली आलेलं 'कोल्हाट्याचं पोर' वाचा. ती संगीत बारीची दुनिया, ढोलकीफडाहून वेगळी. आई नाचून घर पोसते, पोर सोलापूर जिल्ह्यातल्या नेर्ले गावात आजोळी मार आणि टोमणे खात वाढतं, वर्षानुवर्षं आईची वाट बघतं. तेच पोर डॉक्टर झालं आणि नावात बापाच्या जागी आईचं नाव लावलं. त्या पुस्तकात आईवरचा राग आहे आणि मायाही आहे, ती दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलीत की सोडवता येत नाहीत. 'कर्तबगार आई'चे सत्कार करणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचावं असं माझं मत.

अलीकडं थोडं बदललंय. बीड जिल्ह्यात ब्रह्मनाथ येळंबला सेवाश्रम आहे, तिथं तमाशा कलावंतांची मुलं राहून शिकतात. हंगामात फड दररोज गाव बदलतो, शाळा काही ट्रकबरोबर फिरत नाही, तेव्हा अशा जागेची किंमत त्या आयांनाच ठाऊक. इकडं येरवड्यात वाढलेल्या आणि आता अमेरिकेत सिनसिनाटीला प्राध्यापक असलेल्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, 2022 साली. त्यात मंगलाताई आहेत. समाज ज्या बाईला अश्लील ठरवतो तिचीच कला 'अस्सल मराठी' म्हणून मिरवतो, आणि यात बाईच्या माणुसकीचं काय होतं, हा त्यांचा विषय. पाईक यांना 2024 साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. नारायणगावच्या राहुटीतली गोष्ट थेट तिथवर गेली, पण जुन्नर तालुक्यात त्या पुस्तकावर बोलणारं अजून कुणी मला भेटलेलं नाही.

राहिला रजेचा प्रश्न. इथं मला स्वतःलाच गंमत वाटली. प्रसूती लाभाचा जुना कायदा 1961 चा, 2025 पर्यंत लागू असलेला. आधी कारखाने, खाणी, मळे एवढ्यांपुरता होता. 1973 च्या दुरुस्तीनं त्यात घोड्यांचे, कसरतींचे आणि 'इतर' खेळ करणाऱ्या आस्थापना आल्या. डोळ्यांसमोर अर्थातच सर्कस होती. पण 'इतर खेळ' हे शब्द सरळ वाचले तर तमाशाचा तंबू त्यात बसत होता. अट काय, तर आधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन वैशाखापर्यंत चालतो, म्हणजे ही अट दिवाळीनंतर दोनेक महिन्यांतच पुरी होते. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा आली, तुम्ही घेतलीत तीच. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असली तर पाळणाघरही हवं. मोठ्या फडात शंभरच्या आसपास माणसं असतात. पाळणाघर म्हणाल तर ती झोळी!

कागदावर हक्क असून तो का मिळत नाही? कारण फडात पगार हा प्रकारच वेगळा. कलावंत हंगामाआधी मालकाकडून उचल घेतो, एकरकमी, आणि मग हंगामभर नाचून, गाऊन ती फेडतो. मधेच थांबलात तर उरलेली उचल अंगावर, पुढच्या वर्षी तिच्यात भर. त्यामुळं फडात बाळंतपणाच्या रजेला पगार तर नाहीच, उलट कर्ज चढतं. बाळ पावसाळ्यात झालं तर बाई सुटली, तेव्हा फड बंदच असतात. ऐन चैत्रात झालं, तर जत्रांचे महिने गेले. आणि मालकाला एकट्याला दोष देऊनही भागत नाही, कारण तोही पुष्कळदा सावकाराकडून उचलूनच उचल देतो, आणि त्या मालकाच्या जागी बऱ्याचदा एखादी विठाबाईच असते. एवढी पदकं मिळवलेल्या बाईंचा शेवट 2002 साली हलाखीत झाला, दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं.

तुमच्यापासून नारायणगाव हाकेच्या अंतरावर आहे. पाडव्याच्या आधी तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच टोप्या सावरत सुपारी ठरवायला येतात. बाई किती, गाडी कुठली, लावणीला कोण, हजेरी धरून किती घेणार, असा घासाघीस करत सगळा सौदा होतो आणि इसार दिला जातो. यंदा येडगावचे पंच जातील तेव्हा सासऱ्यांनाही बरोबर पाठवा. विठाबाईंचे एवढे चाहते आहेत, तर मॅनेजरला एक प्रश्न त्यांनीच विचारावा : तुमच्या फडात एखादी बाळंत झाली, तर तिच्या त्या महिन्यांची उचल तुम्ही कशी धरता?