तान्ह्या बाळाचे पोट आणि संध्याकाळचे रडणे

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात, नालासोपारा रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस आचोळे हे गाव आहे. दिनांक ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आलेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीतील हा परिसर आता चाळी व इमारतींनी दाट भरलेला आहे. कोकणातून, घाटावरून, तसेच उत्तर भारतातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे येथे राहतात. घरातील कर्ता पुरुष सकाळच्या लोकलने मुंबईकडे जातो आणि रात्री परततो. अशा घरी पहिलटकरीण बाळासह माहेरून सव्वा महिन्याने परत आली, की नेमक्या त्याच सुमारास बाळाचे संध्याकाळचे रडणे सर्वांत वाढलेले असते. शेजारीण म्हणते पोट धरले, सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, औषधाचा दुकानदार थेंबांची बाटली पुढे करतो. या तीन सल्ल्यांपैकी कोणता ऐकावा, हा त्या मातेपुढील प्रश्न असतो. त्याचे उत्तर तिच्यापर्यंत पोहोचविणे हे अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांचे काम आहे.

निरोगी बाळ दोन-तीन आठवड्यांचे झाले की त्याचे रडणे वाढू लागते, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते शिखरास पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरते. बाळ मुठी आवळते, पाय पोटाशी घेते, चेहरा लाल होतो, पोट कडक लागते व वारा सरतो. साहजिकच पोटात वायू धरला असा निष्कर्ष घरोघर काढला जातो. १९५४ मध्ये अमेरिकेत मॉरिस वेसेल या बालरोगतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेची व्याख्या केली: धष्टपुष्ट बाळ दिवसाकाठी तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक, तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणे. सुमारे पाच बाळांपैकी एकास हा त्रास होतो असे सामान्यतः मानले जाते. मूल आईच्या दुधावर असो वा वरच्या दुधावर, त्याने यात मोठा फरक पडत नाही.

येथे कारण आणि परिणाम यांची गल्लत होते. बाळ रडताना तोंडाने पुष्कळ हवा गिळते. म्हणजे पोटातील वायू हा पुष्कळदा रडण्याचा परिणाम असतो, मूळ कारण नसते. नवजात अर्भकाचे आतडे अजून अपरिपक्व असते आणि त्याची हालचाल सुसूत्र नसते. मज्जासंस्थाही दिवसभराचे आवाज, प्रकाश व हाताळणी यांचा ताण स्वतःहून शमविण्यास शिकलेली नसते. संध्याकाळीच रडणे का वाढते, याचे उत्तर बहुधा पोटापेक्षा या थकव्यात अधिक सापडेल. आईने वाल, वाटाणा वा कोबी खाल्ला म्हणून बाळास वायू धरतो, ही समजूत तर शरीरशास्त्रास धरून नाही. आईच्या आतड्यातील वायू तिच्या दुधात उतरत नाही. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे असते. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ आईच्या आहारातून दूध वगळून पाहतात. तेवढा अपवाद सोडला, तर बाळंतिणीचे ताट अर्धे करण्यात बाळाचे हित नाही आणि तिचे तर मुळीच नाही. अळीव, डिंक, बाळंतशोपा हे आपल्या घरांतील पदार्थ तिने आवडीने खावेत. त्यांचा उपयोग तिच्या पोषणासाठी आहे, बाळावरील औषध म्हणून नव्हे.

बाळगुटीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिच्यावर आपल्या समाजाची श्रद्धा आहे आणि ती श्रद्धा प्रेमातून आलेली आहे. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, सुंठ, हिरडा, खारीक, बदाम यांचे वेढे उगाळून ते बाळाला चाटवितात. वेढे किती घ्यावेत याचे माप आजीच्या हाताला ठाऊक असे. आज सहाणेवर कोण आहे? पुष्कळदा बाजारातून आणलेली पुडी आणि घाईतला हात. वेखंड अधिक झाल्यास उलट्या होतात, जायफळ अधिक झाल्यास गुंगी येते आणि गुंगीलाच लोक आराम पडला असे समजतात. सहाण, वेढे आणि पाणी यांपैकी एक जरी अस्वच्छ असले तरी जुलाबाला निमंत्रण मिळते. ही गुटी मधातून चाटविणे विशेष घातक होय. मधात असू शकणाऱ्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील मुलास बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, हा नियम गुटीलाही लागू आहे.

ग्राइप वॉटरची कथा वेगळी नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये ते बाजारात आणले. त्याच्या मूळ घटकांत शेपूचे तेल, खाण्याचा सोडा व साखर यांबरोबर अल्कोहोलही होते. बाळ शांत कशाने होत असे याचा अंदाज वाचकांनी करावा. आताच्या बाटल्यांत अल्कोहोल नसते, तथापि त्याने रडणे खात्रीने थांबते असा समाधानकारक पुरावा नाही. वायूचे बुडबुडे फोडणारे सिमेथिकोनचे थेंब निरुपद्रवी मानले जातात. परंतु १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निव्वळ नावाच्या औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरले नाहीत. डायसायक्लोमिन या पेटके थांबविणाऱ्या औषधाने लहान अर्भकांच्या श्वसनाला धोका होतो, म्हणून सहा महिन्यांखालील मुलांना ते निषिद्ध आहे. दुकानदाराने चिठ्ठीविना दिलेले पोटदुखीचे थेंब त्यामुळे कधीही वापरू नयेत.

मग करावे काय? प्रथम दूध पाजण्याची रीत पाहावी. केवळ बोंडशी नव्हे, तर तिच्याभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जाईल, हनुवटी स्तनास टेकेल अशा बेताने घ्यावे. तसे झाले की हवा कमी गिळली जाते. एका बाजूचे दूध पुरते संपू द्यावे. वरचे दूध देणे भागच असेल, तर बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा उकळून घेतलेले बोंडले बरे. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. तिच्यासंबंधी चंदीगड येथे ७१ माता-बालकांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ढेकर काढल्याने रडण्याचे प्रमाण घटले नाही आणि दूध बाहेर टाकणे मात्र वाढले, असे त्यात आढळले. याचा अर्थ बाळाला खांद्यावर घेऊ नये असा नाही. ढेकर आली नाही म्हणून अर्धा तास पाठ थोपटीत बसण्याचे कारण नाही, एवढाच.

रडणाऱ्या बाळाला उराशी धरणे, हळू झुलविणे, कापडात सैलसर गुंडाळणे, दिवा मंद करून एकसुरी गुणगुणणे यांनी पुष्कळ बाळे निवतात. पुरुषाच्या दणकट हातावर बाळाला पालथे, डोके कोपराशी घेऊन फिरविले तर पोटाला हलका दाब मिळतो. हे काम वडिलांनी अंगावर घ्यावे. जागेपणी पाय सायकलसारखे हलविणे, कोमट हाताने तेल लावून बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चोळणे यांत अपाय नाही. झोपविताना मात्र बाळाला उताणेच ठेवावे. निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी बंद खोलीत नको. दहा बाय दहाच्या खोलीत धुराचा त्रास पोटदुखीहून मोठा होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला दोन-चार दिवस शी झाली नाही, पण ते खेळकर आहे, दूध पिते आणि शी मऊ होते, तर साबणाची किंवा विड्याच्या देठाची वात घालण्याची गरज नसते.

अज्ञानाची परिसीमा राज्यात अन्यत्र दिसते. मेळघाटात अर्भकाचे पोट फुगले की तापविलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बालकाला असे चटके दिल्याचे उघडकीस आले. शहरातील घरात विळा तापत नाही, परंतु रात्री दोन वाजता, शेजारी भिंत ठोठावीत असताना, थकून गेलेला हात बाळाला जोराने हलवितो. हा धोका कमी नाही. अर्भकाची मान नाजूक असते; जोराने गदागदा हलविल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू वा कायमचे अपंगत्व येऊ शकते. सहन होईनासे झाले तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवावे, दार लोटून पाच मिनिटे बाहेर उभे राहावे; तेवढ्या रडण्याने बाळाचे काही बिघडत नाही. माता सतत उदास असेल, तिला बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, तर तिलाच उपचार हवेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्या घरच्यांना ठाऊक असावा.

प्रत्येक रडणे मात्र या सदरात घालता येत नाही. हिरवी उलटी झाली, तर आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते आणि तेथे तासांचा हिशेब असतो. पोट टम्म फुगून ताणलेले, शौचात रक्त, जांघेत कडक गाठ, ताप किंवा अंग थंड पडणे, दूध ओढेनासे होणे, मलूलपणा, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, जन्मानंतर २४ तासांत पहिली काळी शी न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये आजारी नवजात बालकास शासकीय रुग्णालयात उपचार व नेण्या-आणण्याची व्यवस्था विनामूल्य मिळते. खाजगी दवाखान्याच्या खर्चाच्या धास्तीने सकाळची वाट पाहणाऱ्या कुटुंबास हे आधीच सांगितलेले असले पाहिजे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत देशपातळीवर स्वीकारण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाकडे आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जाते. त्यानंतरची भेट तिसऱ्या महिन्यात असते. सहाव्या आठवड्यानंतर रडणे ओसरेपर्यंतचा बराचसा काळ या दोन भेटींमध्ये पडतो. शिवाय माहेराहून परतलेल्या बाळाचे नाव सासरच्या यादीत पुष्कळदा नसतेच. आचोळ्यासारख्या स्थलांतरितांच्या वस्तीत ही पोकळी भरून काढण्यास लसीकरण सत्र हे सोयीचे ठिकाण आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिने या वयांत बहुतेक बाळे तेथे येतात. लस दिल्यानंतर बाळाला अर्धा तास थांबवून घेतात. त्या अर्ध्या तासात माता व बाळ संरक्षण कार्डावर नाव चढविता येते, दूध पाजण्याची रीत पाहता येते आणि बाळ संध्याकाळी किती वेळ रडते, त्या वेळी घरात दुसरे कोण असते, हे विचारता येते.