छोट्या एसयूव्हीला ट्रेलर जोडायचाय? बेंगळुरूतला खर्च आणि त्याआधीचे कागद

बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर गाडीच्या मागे लोखंडी हुक बसवून घेणे मुळीच अवघड नाही. पण हुक लागला म्हणजे गाडी ट्रेलर ओढण्याजोगी झाली असे होत नाही. कूर्गला तंबूचा ट्रेलर न्यायचा असेल किंवा तलावापर्यंत कायाक ओढून न्यायची असेल, तर आधी कागद जमवा आणि मगच पैशांचे पाकीट उघडा. चुकीच्या क्रमाने केलेला खर्च इथे हमखास वाया जातो.

पहिली पायरी फुकट आहे

गाडीचे मालक-पुस्तक उघडा आणि ट्रेलरविषयीचे पान शोधा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुस्तकांत ट्रेलर ओढू नये, असा सल्ला असतो. मॉडेल तेच असले, तरी देश बदलला की नियम बदलतात. गुरुग्राममध्ये बनणारी पाच दारांची जिम्नी ऑस्ट्रेलियात ब्रेक नसलेला ३५० किलोचा आणि ब्रेक असलेला १,३०० किलोचा ट्रेलर ओढू शकते, असे कंपनीच तिथे जाहीर करते. हे आकडे दाखवून इथल्या आरटीओत मात्र काम होणार नाही. तुमच्या गाडीचा चासी क्रमांक देऊन कंपनीला ई-मेल करा आणि तीन प्रश्न विचारा: किती किलोपर्यंत परवानगी आहे, कंपनीचा टो-बार (ट्रेलर जोडायचा बार) मिळतो का, वॉरंटी राहील का? उत्तर लेखीच घ्या. नकार आला, तर तिथेच थांबा.

कायद्याची किंमत

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कायद्याने ट्रेलर हेही स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी लागते. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचा क्रमांक ओढणाऱ्या गाडीच्या बाजूवर आणि गाडीचा क्रमांक ट्रेलरवर दिसला पाहिजे. नोंदणी नसेल तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि नंतर ४,००० रुपये. ट्रेलर विकणाऱ्याकडून नोंदणीला चालतील असे मान्यतेचे कागद आधी हातात घ्या. विमा कंपनीला कळवून, जादा हप्ता भरून ट्रेलर पॉलिसीत जोडून घ्या.

गाडीला अजून एमएच क्रमांक असेल, तर तेही प्रकरण आधी मिटवा. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी कर्नाटकात ठेवायची असेल, तर कलम ४७ प्रमाणे इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि रस्ता करही भरावा लागतो. त्यानंतरच कोरमंगला, जयनगर किंवा तुमच्या भागातल्या आरटीओकडे ट्रेलरचा विषय न्या.

वजनाचा हिशेब कागदावर करा

ट्रेलरच्या नाकाचे वजन गाडीच्या मागच्या भागावर येते. ते साधारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के धरतात. भारतीय जिम्नीचे रिकामे वजन सुमारे १,२१० किलो आणि कमाल एकूण वजन १,५४५ किलो आहे. म्हणजे माणसे आणि सामान मिळून ३३५ किलो. सत्तर किलोची चार माणसे बसली की २८० गेले. ३५० किलोच्या ट्रेलरचे नाक ३५ किलोचे धरले, तर उरतात फक्त २० किलो. त्यात चौघांच्या बॅगा बसत नाहीत. तुमच्या गाडीचे आकडे घालून हा हिशेब एकदा स्वतः मांडा.

होकार मिळालाच, तर बजेट असे बांधा

- टो-बार: १५ ते ३० हजार रुपये बाजूला ठेवा. तो चासीच्या मूळ छिद्रांतच बोल्टने बसला पाहिजे. वेल्डिंगला साफ नकार द्या. ट्रेलर अडकवायचा बॉल ५० मिलिमीटरचा आणि बारवर भारक्षमता कोरलेली हवी.
- वायरिंग: ५ ते १० हजार. मागच्या दिव्याची तार सोलून जोडणाऱ्याकडे जाऊ नका. आजच्या गाडीत दिव्यांवर संगणकाची नजर असते, म्हणून फ्यूजसह वेगळे रिले मॉड्यूल आणि ७ पिनांचे सॉकेट मागा.
- जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के. कोटेशन २०,००० रुपयांचे असेल, तर बिल २३,६०० रुपयांचे होईल. पक्के बिल घ्याच. उद्या विम्याचा दावा करताना तेच कामी येते.
- ट्रेलरचे ब्रेक: युरोपात ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. छोट्या गाडीमागे त्याहून हलक्या ट्रेलरलाही ब्रेक असलेले बरे. सुरक्षा साखळी मात्र कोणत्याही ट्रेलरला हवीच.
- चालू खर्च: क्लच, ब्रेक पॅड, मागचे टायर आणि इंधन. शिराडी घाटात चढताना क्लच किंवा सीव्हीटी गिअरबॉक्स तापतो आणि उतरताना ब्रेक तापतात. सर्व्हिस लवकर करावी लागेल, हे गृहीत धरा.

स्वस्त आणि निर्धोक पर्याय

दोन सायकली किंवा एक हलकी कायाक न्यायची असेल, तर छतावरचे रॅक बहुधा पुरेसे होते. त्यासाठी १० ते ३० हजारांचे बजेट धरा आणि छताची वजनमर्यादा पुस्तकात तपासा. डिकीवरचा सायकल-कॅरिअर घेतलात, तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत हे पाहा. वर्षातून एखाद-दोनदाच जड सामान न्यायचे असेल, तर चालकासह पिकअप भाड्याने घेणे सर्वांत शहाणपणाचे. नोंदणी नाही, देखभाल नाही, वॉरंटीची चिंता नाही.

कंपनी, आरटीओ आणि विमा कंपनी या तिघांचा लेखी होकार हातात असेल, तरच टो-बार लावा. लावल्यावर ट्रेलर नसेल तेव्हा बॉल काढून ठेवा. बाहेर आलेले लोखंड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची नडगी फोडते, आणि मागून धडक बसली तर बम्परने शोषायचा धक्का थेट चासीला पोचवते. तिघांपैकी एकाचाही होकार मिळाला नाही, तर हुकाचे पैसे पिकअपच्या भाड्यासाठी राखून ठेवा.